मंगळावर जाणे आणि मंगळावरून परतणे

मंगळावर माणूस पाठविण्याची गोष्ट निघाली की बहुतेक लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा: तेथे पोहोचावयास किती दिवस लागतील? प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तरही फारसे अवघड नाही. आजच्या अग्निबाणांच्या बळावर सहा ते नऊ महिन्यांत यान तेथे जाऊन पोहोचते. परंतु ह्या विषयाचा ज्यांनी बारकाईने विचार केला आहे, ते आधी दुसराच प्रश्न विचारतात. गेलेली माणसे परत कशी येतील? वाटेत कोणी आजारी पडले, एखादे यंत्र मोडले किंवा शिधा बिघडला, तर त्यांच्या मदतीला कोण धावणार? ह्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर अजून मिळावयाचे आहे. म्हणूनच माणसाने बनविलेले पहिले यंत्र १९७१ साली मंगळावर अलगद उतरले, त्याला पन्नासहून अधिक वर्षे लोटली, तरी खुद्द माणूस तेथे गेलेला नाही.

मंगळाची ओढ मात्र फार जुनी आहे. १८७७ साली इटलीतील मिलान येथील ज्योतिषशास्त्रज्ञ स्किआपारेल्ली यांना दुर्बिणीतून ह्या तांबूस ग्रहावर काही रेषा दिसल्याचा भास झाला. त्यांनी त्या रेषांना ‘कानाली’, म्हणजे नैसर्गिक प्रवाहमार्ग, असे म्हटले. पण लोकांनी त्याचा अर्थ खणलेले कालवे असा घेतला. अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी तर १८९४ साली ॲरिझोना प्रांतात त्यासाठी वेधशाळाच उभारली आणि मंगळावर शहाण्या प्राण्यांची वस्ती असल्याचे प्रतिपादन केले. पुढे अग्निबाणविद्येतील निष्णात व्हेर्नर फॉन ब्राउन यांनी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मंगळस्वारीचा संपूर्ण हिशेब मांडला. दहा याने, सत्तर माणसे आणि मंगळाच्या हवेत पंखांवर तरंगत खाली उतरणारी विमाने, असा तो थाट होता. त्यांची आकडेमोड चोख होती, परंतु तेथील हवेचा अंदाज चुकला होता. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत कालवे नव्हते, तर चंद्रावर असतात तशी विवरे होती. आणि तेथील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरला. इतक्या विरळ हवेत पंखांना आधार मिळावयाचा कसा? तेव्हापासून मंगळाच्या प्रवासाचा विचार स्वप्नातून उतरून हिशेबाच्या वहीत आला.

निघण्याचा मोसम

ह्या हिशेबातील पहिली अडचण काळाची आहे. पृथ्वी आणि मंगळ दोघेही सूर्याभोवती फिरतात, पण पृथ्वीची फेरी ३६५ दिवसांत पुरी होते, तर मंगळाला ६८७ दिवस लागतात. त्यामुळे दोन ग्रहांमधील अंतर सारखे बदलत राहते. ते अगदी जवळ आले म्हणजे साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास असते, आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूंना गेले म्हणजे चाळीस कोटींपर्यंत वाढते. कमीत कमी इंधनात जावयाचे असेल, तर दोन ग्रह विशिष्ट स्थितीत असतानाच निघावे लागते, आणि तशी संधी सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा येते. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटले, ते अशाच संधीचा लाभ घेण्यासाठी. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाभोवती फिरू लागले. ती संधी हुकली असती, तर २०१६ सालापर्यंत वाट पाहावी लागली असती.

गोव्याच्या इतिहासाशी परिचय असलेल्यांस ही गोष्ट चटकन उमगेल. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत लिस्बनहून गोव्यास येणाऱ्या गलबतांनाही असाच मोसम पाळावा लागे. मार्च-एप्रिलच्या सुमारास लिस्बन सोडले, तर आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या आधाराने सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीच्या मुखाशी येता येई. परतीसाठी ईशान्येकडील वारे सुरू होईपर्यंत थांबणे भाग असे. वेळ चुकली की पुढच्या मोसमाची वाट पाहत बसावयाचे. मंगळाच्या प्रवाशांनाही नेमके हेच करावे लागेल. कमी इंधनाच्या मार्गाने जावयास सुमारे २६० दिवस, तेथे ग्रहांची अनुकूल स्थिती येईपर्यंत सुमारे ४५० दिवसांचा मुक्काम, आणि परतीस पुन्हा २६० दिवस, अशी बेरीज केली तर सारा प्रवास दोन वर्षे आठ महिन्यांच्या घरात जातो. तेथे थोडेच दिवस राहून लवकर निघण्याचे मार्गही गणिताने सापडतात. परंतु त्यांस इंधन फार लागते आणि परतीची वाट सूर्याच्या बरीच जवळून जाते.

मात्र गलबतांच्या आणि यानाच्या प्रवासांत एक मोठे अंतर आहे. लिस्बनहून निघालेल्या गलबताला वाटेत मोझांबिक बेटाचा आसरा होता. तेथे पाणी भरून घेता येई, आजाऱ्यांना रुग्णालयात ठेवता येई. मंगळाच्या वाटेवर असे एकही बंदर नाही. शिवाय एकदा यानाला मंगळाच्या दिशेने गती दिली की मध्येच माघारी वळणे जवळजवळ अशक्य असते, कारण ती प्रचंड गती मोडून उलट दिशेने निघण्याइतके इंधन कोणतेही यान बरोबर वाहून नेऊ शकत नाही.

शिधा आणि पाणी

चार माणसांचा एक हजार दिवसांचा संसार यानात बसवावयाचा, म्हणजे काय काय न्यावे लागेल? आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील अनुभव असा आहे की, एका माणसाला दररोज वेष्टनासह सुमारे पावणेदोन किलो अन्न लागते. ह्या मानाने चौघांचे अन्नच सात टन होते. पाणी तर ह्याहून किती तरी अधिक न्यावे लागले असते. सुदैवाने येथे शास्त्राने चांगली प्रगती केली आहे. श्वासातील बाष्प, घाम आणि मूत्र शुद्ध करून ते पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा त्या स्थानकावर बसविलेली असून, २०२३ साली शंभरातील अठ्ठ्याण्णव भाग पाणी परत मिळविण्यापर्यंत तिची मजल गेली. परंतु हे स्थानक पृथ्वीपासून केवळ चारशे किलोमीटरवर आहे. यंत्राचा एखादा भाग नादुरुस्त झाला, तर पुढच्या खेपेला नवा भाग वर पाठविता येतो. मंगळाच्या वाटेवरील यानाला प्रत्येक सुटा भाग निघतानाच बरोबर घ्यावा लागेल. आणि कोणता भाग मोडणार हे आधी कोणास ठाऊक असते?

अन्नाच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. साठविलेल्या अन्नातील क जीवनसत्त्व कालांतराने घटत जाते. पूर्वीच्या लांब सफरींत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि शेकडो माणसे दगावत. स्कर्व्ही नावाच्या त्या रोगाचे मूळ ताज्या फळांच्या आणि भाज्यांच्या अभावात होते. १७४७ साली जेम्स लिंड ह्या ब्रिटिश आरमारी वैद्याने संत्री आणि लिंबे देऊन आजारी खलाशी बरे होतात हे प्रयोगाने दाखविले. मंगळाच्या यात्रिकांना वाटेत लिंबू कोठून मिळणार? म्हणून अंतराळातच भाजी पिकविण्याचे प्रयोग चालू आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळस्थानकावर वाढविलेली लेट्यूसची लाल पाने तेथील अंतराळवीरांनी खाल्ली. ती चार-दोन पाने पोट भरण्यासाठी नव्हती, हे खरे. पण प्रवास लांबला म्हणजे अशा परसबागेचे मोल फार वाढते.

उशिरा पोहोचणारा शब्द

एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अपोलो-१३ ह्या यानातील प्राणवायूची टाकी फुटली. तिघा अंतराळवीरांचे प्राण संकटात सापडले. त्या वेळी ह्यूस्टन येथील तज्ज्ञांनी यानात उपलब्ध असलेल्या पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी अशा वस्तूंतून विषारी हवा शुद्ध करण्याची जुळणी कशी करावी, हे आधी स्वतः करून पाहिले, आणि मग पायरीपायरीने वर सांगितले. चार दिवसांत तिघेही सुखरूप परतले. पृथ्वीचा शब्द तेथे सव्वा सेकंदात पोहोचत होता, म्हणून हे साधले.

मंगळ चंद्रासारखा जवळ नाही. तेथे रेडिओचा संदेश पोहोचावयास दोन ग्रहांच्या अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे लागतात, आणि उत्तर परत यावयास तितकीच. संभाषण असे होऊच शकत नाही. होतो तो पत्रव्यवहार. शिवाय मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला म्हणजे सुमारे दोन आठवडे हा पत्रव्यवहारही बंद ठेवावा लागतो. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताच्या मंगळयानाचे इंजिन जेव्हा पेटावयाचे होते, तेव्हा पृथ्वीचा संदेश तेथे जावयास साडेबारा मिनिटांच्या आसपास वेळ लागत होता. म्हणून साऱ्या आज्ञा काही दिवस आधीच यानाच्या स्मृतियंत्रात भरून ठेविल्या होत्या आणि बंगळूरच्या शास्त्रज्ञांना नुसती वाट पाहत बसावे लागले होते. यंत्राला आधी आज्ञा देऊन ठेविता येते. पण जिवंत माणसावर कोणता प्रसंग येईल, हे आधी कसे ओळखावयाचे? मंगळावरील माणसांना संकटाच्या घडीला आपल्याच बुद्धीवर विसंबावे लागेल.

आजारपणाचा विचार केला म्हणजे ह्या अडचणीचे गांभीर्य ध्यानी येते. १९८५ साली सोव्हिएत रशियाच्या सॅल्यूत-७ ह्या स्थानकावर व्लादिमिर वास्यूतिन हे अंतराळवीर आजारी पडले. मोहीम ठरलेल्या मुदतीआधी आवरती घेऊन त्यांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पृथ्वीवर आणण्यात आले. मंगळाच्या वाटेवर तसे करता येणार नाही. मग काय करावे लागेल, ह्याचा एक दाखला पृथ्वीवरच घडलेला आहे. १९६१ साली दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशातील नोव्होलाझारेव्स्काया ह्या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह हे सत्तावीस वर्षांचे तरुण डॉक्टर होते. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता. त्यांच्याच पोटात आंत्रपुच्छाचा दाह सुरू झाला. बर्फाच्या वादळामुळे विमान येणे शक्य नव्हते. तेव्हा ३० एप्रिलच्या रात्री त्यांनी पोटाचा भाग बधिर करून, सहकाऱ्याने धरलेल्या आरशात पाहत, पुष्कळसे हातांच्या स्पर्शाने चाचपत, स्वतःच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. पावणेदोन तासांनी ती पुरी झाली आणि दोन आठवड्यांत ते पुन्हा कामावर रुजू झाले. ह्या धैर्याला तोड नाही. परंतु मोहिमेची आखणी करणाऱ्यांनी अशा धैर्यावर भिस्त ठेवून चालत नाही. म्हणून मंगळयात्रिकांत निदान एक डॉक्टर हवा, आणि तोच आजारी पडला तर त्याच्यावर उपचार करू शकेल असा दुसराही कोणी हवा.

शरीराची आणि मनाची कसोटी

माणसाचे शरीर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात घडलेले आहे. वजनरहित अवस्थेत पायांच्या आणि पाठीच्या स्नायूंना काम उरत नाही, आणि ते झिजू लागतात. हाडांतील खनिज द्रव्य कमी होते. विशेषतः कमरेच्या हाडांत हा ऱ्हास महिन्याला शेकडा एकाच्या आसपास असतो. रक्त आणि इतर द्रव डोक्याकडे सरकतात, त्यामुळे काहींच्या दृष्टीतही फरक पडतो. हे टाळण्यासाठी अंतराळवीर रोज दोन-अडीच तास व्यायाम करतात. तरीही पृथ्वीवर उतरल्यावर त्यांना यानातून हात देऊन बाहेर काढावे लागते, आणि पूर्ववत होण्यास पुष्कळ दिवस जातात. मंगळावर हात देणारा कोणी नसेल. रशियाचे डॉक्टर वालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ साली मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले. परतल्यावर ते यानातून उतरून आपल्या पायांनी जवळच्या खुर्चीपर्यंत चालत गेले. मंगळावर उतरलेला माणूस लागलीच कामाला लागू शकेल, हे त्यांना दाखवून द्यावयाचे होते. तो आशादायक दाखला आहे. पण प्रत्येकाचे शरीर पोल्याकोव्ह यांच्यासारखे साथ देईल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या शेकडा अडतीस आहे. तेवढ्यावर वर्षसव्वा वर्ष राहिल्याने शरीर सावरते की आणखी खालावते, ह्याचा अनुभव कोणासही नाही.

दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि दाट वातावरण ही विश्वकिरणांपासून आपले रक्षण करणारी दोन पांघरुणे आहेत. मंगळाच्या वाटेवर ही दोन्ही नाहीत. अमेरिकेच्या क्युरिऑसिटी ह्या यंत्रगाडीने २०११-१२ साली मंगळाकडे जाताना वाटेतील किरणांचे मोजमाप केले. ते दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट भरले. पृथ्वीवरील सामान्य माणसाला निसर्गतः वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतके किरण सोसावे लागतात. म्हणजे येथे नऊ महिन्यांत जे सोसावयाचे, ते तेथे एका दिवसात. जाणे आणि येणे प्रत्येकी सहा महिन्यांत उरकले, तरी केवळ प्रवासात ६६० मिलिसिव्हर्ट होतात. मंगळावरील मुक्कामाची भर वेगळीच. अमेरिकेच्या नासा संस्थेने आपल्या अंतराळवीरांसाठी साऱ्या कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट ठरविली आहे. एकाच सफरीत ती ओलांडली जाते आणि पुढील आयुष्यात कर्करोग होण्याचा संभव वाढतो.

ह्याशिवाय सूर्यावर अधूनमधून वादळे उठतात. ४ ऑगस्ट १९७२ रोजी असेच एक प्रचंड वादळ झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलात अपोलो-१६ चंद्रावरून परतले होते आणि अपोलो-१७ डिसेंबरात निघावयाचे होते; त्यामुळे त्या दिवशी अंतराळात कोणी माणूस नव्हता. अशा वादळापासून पाण्याच्या टाक्यांच्या आड दडून काही बचाव करता येतो. दूरच्या ताऱ्यांकडून येणारे विश्वकिरण मात्र जाड धातूलाही भेदून जातात. मंगळावर पोहोचल्यानंतर राहण्याच्या कोठीवर मातीचा जाड थर रचणे, हा त्यावरील साधा व खात्रीचा उपाय होय.

शरीराइतकीच कसोटी मनाची लागते. जून २०१० ते नोव्हेंबर २०११ ह्या काळात मॉस्को येथे सहा पुरुषांना ५२० दिवस एका बंद यानसदृश घरात ठेवण्यात आले. बाहेरच्या जगाशी त्यांचे बोलणेही मंगळावरील अंतराच्या हिशेबाने मुद्दाम उशिरा पोहोचविले जाई. सहाही जण शेवटपर्यंत टिकले, हे समाधानाचे. पण तपासणीत असे आढळले की दिवस जात तसतशी त्यांची हालचाल मंदावत गेली आणि काहींच्या झोपेची घडी पार विस्कटली. बाहेर पडावयाचे मनात आले असते, तर त्या घराचे दार उघडता येत होते, हे त्या सहा जणांना ठाऊक होते. मंगळाच्या यानाला तसे दार नाही, आणि खिडकीतून पाहिले तर पृथ्वी केवळ एक तेजस्वी ठिपका होऊन राहते. घरी कोणी आजारी आहे अशी वार्ता तेथे आली, तर त्या माणसाने काय करावे?

उतरणे आणि पुन्हा उडणे

मंगळाची हवा यानाला तापविण्याइतकी दाट आहे, पण थांबविण्याइतकी दाट नाही. त्यामुळे तेथे उतरणे चंद्रावर किंवा पृथ्वीवर उतरण्याहून कठीण जाते. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सिव्हरन्स ही यंत्रगाडी तेथे उतरली. ताशी सुमारे वीस हजार किलोमीटरच्या वेगावरून सात मिनिटांत तिला स्तब्ध व्हावयाचे होते. त्यासाठी आधी उष्णतारोधक ढाल, मग साडेएकवीस मीटर व्यासाची हवाई छत्री, मग उलट दिशेने झोत सोडणारे अग्निबाण, आणि शेवटी दोरांनी खाली सोडणारा तरंगता पाळणा, अशी चौपदरी योजना करावी लागली. त्या दिवशी संदेश येण्यास अकरा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. यान हवेत शिरल्याची बातमी पृथ्वीवर कळली, तेव्हा ते प्रत्यक्षात जमिनीवर पोहोचून चुकले होते. ह्या गाडीचे वजन जेमतेम एक टन. माणसांसह उतरावयाचे, तर एकेका यानाचे वजन वीस टनांच्या घरात जाईल, आणि तेवढ्या वजनाला ह्या हवेत पुरेशी हवाई छत्री करता येत नाही. फुगवून मोठी करता येणारी ढाल हा त्यावरील एक मार्ग आहे. तशी सहा मीटर व्यासाची ढाल नोव्हेंबर २०२२ मध्ये पृथ्वीच्या वातावरणात यशस्वीपणे वापरून पाहण्यात आली. मंगळासाठी ती ह्याहून पुष्कळ मोठी करावी लागेल.

उतरल्यावर पायाखाली जी माती आहे, तीही निरुपद्रवी नाही. २००८ साली फिनिक्स ह्या यानाला तेथील मातीत पर्क्लोरेट नावाचे क्षार आढळले. ते पोटात गेले तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला अपायकारक ठरतात. ही माती इतकी बारीक असते की अंगावरील पोशाखाबरोबर ती घरात येणारच. कधी कधी धुळीची वादळे सारा ग्रह झाकून टाकतात. २००४ पासून मंगळावर फिरणारी ऑपॉर्च्युनिटी ही गाडी सूर्यप्रकाशावर चालत असे. २०१८ च्या वादळात प्रकाश नाहीसा झाला आणि जूनमध्ये तिचा शेवटचा संदेश आला. गाडी बंद पडली म्हणून शास्त्रज्ञ हळहळले. माणसांच्या श्वासाची यंत्रे अशी बंद पडून चालणार नाहीत. म्हणून तेथे सूर्यप्रकाशावाचून चालणारी लहानशी अणुभट्टी असणे अगत्याचे ठरते. त्याच फिनिक्स यानाला मातीखाली पाण्याचा बर्फ सापडला, ही मात्र आनंदाची गोष्ट आहे.

आता परतीचा विचार करावयाचा. चार माणसांना मंगळाच्या पृष्ठभागावरून वर उचलण्यास सुमारे सात टन इंधन आणि ते जाळण्यासाठी पंचवीस टन प्राणवायू लागेल, असा नासाचा अंदाज आहे. हे सारे पृथ्वीवरून वाहून नेणे अतिशय खर्चाचे आहे. परंतु मंगळाच्या विरळ हवेत शंभरात पंच्याण्णव भाग कार्बन डाय-ऑक्साइड आहे, आणि त्यापासून प्राणवायू काढता येतो. पर्सिव्हरन्सवर मॉक्सी नावाचे एक लहानसे यंत्र बसविलेले होते. २०२१ ते २०२३ ह्या काळात ते सोळा वेळा चालविण्यात आले आणि त्याने एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला. एका माणसाला तो साडेतीन तास श्वासास पुरला असता. एका दृष्टीने हे प्रमाण क्षुल्लक आहे. पण दुसऱ्या ग्रहाच्या हवेतून माणसाने प्राणवायू काढल्याची ही पहिलीच वेळ. आता प्रश्न १२२ ग्रॅमांपासून पंचवीस टनांपर्यंत जाण्याचा आहे.

मग जावयाचेच कशाला?

इतक्या अडचणी आहेत, तर यंत्रे पाठवून भागत नाही काय? हा प्रश्न विचारणारे लोक अविचारी नाहीत. यंत्राला भूक नाही, भीती नाही, घर नाही. पण एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चे दोन अंतराळवीर तीन दिवसांत चंद्रावर सुमारे पस्तीस किलोमीटर फिरले. त्यांतील हॅरिसन श्मिट हे भूगर्भशास्त्रज्ञ होते. चालता चालता त्यांच्या दृष्टीस नारिंगी माती पडली, ते थांबले, आणि पुढे ती प्राचीन ज्वालामुखीतून उडालेल्या काचकणांची असल्याचे सिद्ध झाले. क्युरिऑसिटीला मंगळावर जवळजवळ तेवढेच अंतर कापावयास बारा-तेरा वर्षे लागली. मंगळावर कधी काळी जीवसृष्टी होती काय, ह्या प्रश्नाचा निर्णय लावण्यासाठी माणसाची नजर आणि माणसाचा हात ह्यांचा उपयोग मोठा आहे, हे नाकारता येत नाही. त्याच वेळी माणसाबरोबर पृथ्वीवरील असंख्य सूक्ष्म जंतूही तेथे जातील, आणि मग सापडलेला जीव मंगळाचा की आपलाच, हा घोळ होईल, असाही इशारा शास्त्रज्ञ देतात. परग्रहांवर अशी अपायकारक मिसळ होऊ देऊ नये, हे १९६७ सालच्या अंतराळविषयक आंतरराष्ट्रीय करारात अनेक राष्ट्रांनी मान्य केलेले आहे.

काहींनी परतीचा प्रश्नच सोडून देण्याचे सुचविले होते. मार्स वन नावाच्या एका डच संस्थेने २०१२ साली, न परतणाऱ्या माणसांची वसाहत मंगळावर करण्याचा बेत जाहीर केला. जगभरातून हजारो लोकांनी नावे नोंदविली. २०१९ साली ती संस्था दिवाळखोरीत निघाली आणि तिच्यातर्फे कोणीही कोठे गेले नाही. नावे नोंदविणाऱ्यांचे धैर्य खोटे नव्हते. परंतु माणसाने आपला जीव धोक्यात घालणे निराळे, आणि दुसऱ्यांनी परतीची वाट न ठेवता त्याला पाठविणे निराळे. पाठविणाऱ्यावर जबाबदारी राहते. एखाद्याला विहिरीत उतरविणाऱ्याने दोर हातातून सोडावयाचा नसतो, हे खेड्यातील पोरालाही कळते.

ह्या जबाबदारीची जाण ठेवणारा एक मार्ग रॉबर्ट झुब्रिन आणि डेव्हिड बेकर ह्या अमेरिकन अभियंत्यांनी १९९० साली मांडला. त्यांनी सुचविले की, पहिल्या संधीला माणसे पाठवूच नयेत. आधी परतीचे यान रिकामे पाठवावे. त्याने मंगळावर उतरून, तेथील हवेतून आणि पृथ्वीवरून नेलेल्या थोड्या हायड्रोजनच्या साह्याने, आपले इंधन आपणच तयार करावे. टाक्या भरल्याची खात्री पृथ्वीवर झाली, की मगच सव्वीस महिन्यांनी पुढच्या संधीला माणसांनी निघावे. ह्या योजनेतील आकड्यांबद्दल तज्ज्ञांत मतभेद झाले, आणि नंतरच्या आराखड्यांत पुष्कळ फेरफारही करण्यात आले. पण तिच्यातील मूळ विचार, म्हणजे परतीची सोय आधी आणि माणूस नंतर, हा पुढील अनेक आराखड्यांनी उचलला.

मंगळावर पहिले पाऊल कोणत्या राष्ट्राचा माणूस ठेवणार, ह्याची चर्चा वर्तमानपत्रांतून वरचेवर होत असते. त्या पावलाचे छायाचित्र सारे जग पाहील, ह्यात शंका नाही. तरी मोहीम यशस्वी झाली असे म्हणावयाचा दिवस तो नसेल. त्यानंतर वर्षसव्वा वर्षाने परतीच्या यानाचे इंजिन पेटावे लागेल, मग आणखी सहा ते नऊ महिने ते यान शांतपणे चालत राहील, आणि कोठे तरी समुद्रावर किंवा माळावर एक हवाई छत्री उघडेल. गेलेली सारी माणसे तिच्याखालून बाहेर आली, आणि त्यांच्या आप्तांनी ती मोजून घेतली, म्हणजे मंगळाची वाट माणसाला सापडली असे म्हणता येईल.